लिप बामच्या वेष्टनावरची बारीक अक्षरे

प्रश्न : मी नाशिकला शाळेत शिक्षिका आहे. दिवाळी झाली की माझे ओठ फुटायला लागतात आणि होळीपर्यंत बरे होत नाहीत. पर्समध्ये पुदिन्याचा गारवा देणारी लिप बामची कांडी असते. ती लावली की थोडा वेळ बरे वाटते, मग ओठ पुन्हा ओढल्यासारखे होतात, म्हणून दिवसभर लावतच राहते. मैत्रिणीने मध आणि दालचिनीचा ‘शंभर टक्के नैसर्गिक’ बाम भेट दिला, पण तो लावल्यावर चुरचुरले. नववीतली मुलगी ओठांवर आपोआप गुलाबी होणारा बाम वापरते आणि मला सांगते की पेट्रोलियम जेली खनिज तेलापासून करतात, म्हणून ती विषारी असते. सासूबाई म्हणतात, कोकमाचे तेल लाव आणि बेंबीत तेल घाल. आमच्या घरी शाकाहार कटाक्षाने पाळतात, त्यामुळे या वस्तूंत प्राणिज काही असते का, हेही कळायला हवे. वेष्टनावरची नावे वाचून काहीच अर्थबोध होत नाही. माझ्या कांडीवरची यादी उतरवून सोबत पाठवत आहे. कृपया मार्गदर्शन करावे.
एक वाचक, नाशिक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

यादी उतरवून पाठवलीत हे फार चांगले केलेत, कारण तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्या यादीतच आहेत. माझे मत आधीच स्पष्टपणे सांगतो. फुटलेल्या ओठांना मुख्यतः एकाच गोष्टीची गरज असते, ती म्हणजे आतले पाणी बाहेर उडून जाऊ नये यासाठी वर एक जाडसर थर. हे काम करणारे घटक थोडे आहेत, स्वस्त आहेत, त्यांना वास नाही आणि चवही नाही. गारवा, सुगंध, स्वाद आणि रंग हे सारे विक्रीसाठी घातलेले असते आणि तुमचे ओठ महिनोन्‌महिने बरे न होण्याचे कारण बहुधा त्यातच आहे.

ओठांची त्वचा गालाच्या किंवा हाताच्या त्वचेसारखी नसते. तिचा सर्वांत वरचा संरक्षक थर फार पातळ असतो, तिथे घामाच्या ग्रंथी नसतात आणि इतरत्र त्वचेला सतत तेलकट ठेवणाऱ्या तैलग्रंथीही जवळजवळ नसतात. त्यामुळे ओठांतून पाण्याची वाफ वेगाने उडते आणि ते रोखायला शरीराकडे स्वतःची अशी फारशी सोय नसते. नाशिकसारख्या ठिकाणी नोव्हेंबरपासून हवा कोरडी आणि गार होते. त्यात तुम्ही वर्गात तास न्‌ तास बोलता, तोंडाने श्वास घेतला जातो आणि कोरडे वाटले की नकळत ओठांवरून जीभ फिरते. लाळ सुकताना ओठांतला ओलावा घेऊन जाते आणि लाळेतली अन्न पचवणारी विकरे आधीच सोललेल्या त्वचेवर राहतात. जीभ फिरवण्याची सवय मोडल्याशिवाय कोणताही बाम पुरेसा ठरत नाही.

बाममधले उपयोगी घटक तीन प्रकारची कामे करतात. ग्लिसरीन, मध, हायलुरॉनिक आम्ल यांसारखे घटक पाणी ओढून धरतात. शिया बटर, कोको बटर, एरंडेल, बदाम तेल यांसारखे स्निग्ध घटक त्वचेच्या सुटलेल्या पापुद्र्यांमधल्या फटी भरतात आणि ओठ मऊ करतात. तिसऱ्या गटात पेट्रोलियम जेली, मधमाशांचे मेण, वनस्पतींची मेणे आणि डायमेथिकोन हे सिलिकोन येते आणि हा गट वरून झाकण घालतो. या तिघांत कोरड्या हवेत सर्वांत महत्त्वाचा तिसरा गट. नुसते ग्लिसरीन किंवा मध लावून वर काहीच झाकण घातले नाही, तर हवेत ओलावा नसल्यामुळे ते त्वचेच्या खालच्या थरांतले पाणी ओढतात आणि तेही उडून जाते. ग्लिसरीन लावूनही ओठ आणखी कोरडे पडल्याचा अनुभव अनेकांना येतो, तो यामुळे.

आता तुमच्या कांडीकडे वळू. तुम्ही लिहिलेला क्रम असा आहे : पेट्रोलॅटम, पॅराफिनम लिक्विडम, सेरा मायक्रोक्रिस्टलिना, सेरा आल्बा, लॅनोलिन, मेन्थॉल, कॅम्फर, फ्लेवर, टोकोफेरिल अ‍ॅसिटेट, प्रुनस अमिग्डॅलस डल्सिस ऑइल, बीएचटी. ही नावे परकी वाटतात, कारण सौंदर्यप्रसाधनांतील घटकांसाठी जगभर एकच नामावली वापरतात आणि तिच्यात वनस्पतींची नावे लॅटिनमध्ये असतात. पेट्रोलॅटम म्हणजे पेट्रोलियम जेली. पॅराफिनम लिक्विडम म्हणजे शुद्ध केलेले खनिज तेल. सेरा मायक्रोक्रिस्टलिना हे खनिज तेलापासूनच मिळणारे बारीक स्फटिकांचे मेण असून त्यामुळे कांडीला आकार येतो. सेरा आल्बा म्हणजे मधमाशांचे मेण आणि लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीवरचा स्निग्ध पदार्थ. टोकोफेरिल अ‍ॅसिटेट हे ई जीवनसत्त्वाचे एक रूप, प्रुनस अमिग्डॅलस डल्सिस म्हणजे आपला गोड बदाम आणि बीएचटी हा तेल खवट होऊ नये म्हणून अत्यल्प प्रमाणात घातला जाणारा पदार्थ.

नावांइतकाच क्रमही बोलका असतो. भारतात सौंदर्यप्रसाधनांसाठी २०२० चे नियम लागू आहेत. त्यांनुसार एक टक्क्याहून अधिक प्रमाणात असलेले घटक वजनाच्या किंवा आकारमानाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. म्हणजे पहिल्या चार-पाच नावांत जवळजवळ सगळा बाम येतो. जीवनसत्त्वे, स्वाद आणि बीएचटी सहसा फार थोड्या प्रमाणात असतात, त्यामुळे त्यांच्या सोबतीला आलेले बदाम तेलही तितकेच थोडे असावे, मग वेष्टनाच्या दर्शनी बाजूला बदामाचे चित्र कितीही मोठे असो. केशर, मध, कोरफड, डाळिंब यांची नावे मोठ्या अक्षरांत दिसली की हीच रीत लावून पाहावी : यादीत ते नाव कितवे आहे, आणि सुगंधाच्या आधी आहे की नंतर?

तुमच्या यादीतले पहिले चार घटक ओठांसाठी उत्तम आहेत. तुम्हाला त्रास देणारे मेन्थॉल (पुदिन्यातला गारवा देणारा पदार्थ), कापूर (यादीतले कॅम्फर) आणि स्वाद (यादीतले फ्लेवर) हे तिघे मधोमध बसलेले आहेत. मेन्थॉलमुळे ओठ प्रत्यक्षात थंड होत नाहीत. आपल्या मज्जातंतूंवर थंडी ओळखणारे जे ग्राहक (रिसेप्टर) असतात, ते मेन्थॉलच्या स्पर्शाने जागे होतात आणि मेंदूला गारव्याचा संदेश जातो. या ग्राहकाचा शोध डेव्हिड ज्युलियस आणि अर्डेम पटापुटियन या शास्त्रज्ञांनी मेन्थॉल वापरूनच लावला आणि तापमान व स्पर्श यांच्या संवेदनेवरील संशोधनासाठी त्यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. धडधाकट त्वचेवर ही संवेदना सुखद असते. फुटलेल्या ओठांवर मात्र मेन्थॉल आणि कापूर क्षोभ (चुरचुर, जळजळ) निर्माण करतात, त्वचेचा थर भरून येण्यात अडथळा आणतात आणि गारवा ओसरला की कोरडेपणा अधिकच जाणवतो. मग हात पुन्हा पर्सकडे जातो. बामचे व्यसन लागते असे जे म्हणतात, त्यामागे हे चक्र असते. शरीराला बामची सवय लागते किंवा ओठ स्वतःचे तेल बनवायचे थांबवतात, असे काही घडत नाही, कारण ओठ मुळातच असे तेल फारसे बनवत नाहीत. साध्या, क्षोभ न करणाऱ्या घटकांचा बाम दिवसातून कितीही वेळा लावला तरी हरकत नसते.

अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संस्था फुटलेल्या ओठांसाठी जे घटक टाळायला सांगते, त्यांत कापूर, मेन्थॉल, निलगिरी, फिनॉल, सॅलिसिलिक आम्ल, प्रोपिल गॅलेट, सुगंध, आणि दालचिनी, पुदिना व लिंबूवर्गीय फळांचे स्वाद यांचा समावेश आहे. लॅनोलिनही त्या यादीत आहे, कारण ते अनेकांना मानवत असले तरी काहींना त्याची अ‍ॅलर्जी असते. सॅलिसिलिक आम्ल त्वचेचे वरचे पापुद्रे सोडवते, म्हणून ते घातलेल्या बामने ओठ सुरुवातीला गुळगुळीत लागतात, पण आधीच पातळ असलेला थर आणखी पातळ होतो. ओठ फुगीर दिसावेत म्हणून विकल्या जाणाऱ्या बाममध्ये मिरचीचा किंवा आल्याचा अर्क असतो. तिथे दिसणारा फुगीरपणा ही मुद्दाम आणलेली सूज असते, त्यामुळे फुटलेल्या ओठांनी त्या वाटेला जाऊच नये.

मुलीने पेट्रोलियम जेलीबद्दल जे सांगितले, त्यात अर्धे खरे आहे. ती खनिज तेलापासूनच मिळते. १८५९ मध्ये रॉबर्ट चेसब्रो हा तरुण रसायनतज्ज्ञ अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल इथल्या तेलविहिरींवर गेला असता, उपसा करणाऱ्या दांड्यांवर साचणारा मेणचट पदार्थ तिथले कामगार कापल्या-भाजल्यावर लावतात असे त्याला दिसले. त्याने तो पदार्थ शुद्ध करण्याची रीत बसवली आणि १८७२ मध्ये ‘व्हॅसलिन’ या नावाने तिचे पेटंट घेतले. धोक्याचा प्रश्न आहे तो या शुद्धीकरणाचा. शुद्ध न केलेल्या किंवा अर्धवट शुद्ध केलेल्या खनिज तेलांत काही चक्रीय हायड्रोकार्बन संयुगे असतात आणि अशी तेले कर्करोगकारक आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नमूद केले आहे. त्याच संस्थेने पूर्ण शुद्ध केलेल्या तेलांना त्या गटात घातलेले नाही. औषधी प्रतीच्या जेलीतून ही संयुगे काढून टाकलेली असतात आणि तिच्या शुद्धतेच्या कसोट्या औषधसंहितेत ठरवून दिलेल्या असतात. म्हणून डबीवर ‘आयपी’ ही अक्षरे आहेत का ते पाहावे. ही अक्षरे म्हणजे भारतीय औषधसंहिता. औषधांच्या दुकानात अशी सुगंधरहित पांढरी जेली सहज मिळते. सुटी, नाव-पत्ता नसलेली, पिवळट आणि रॉकेलसारखा वास येणारी जेली ओठांना लावू नये.

मी हे इतक्या विस्ताराने लिहितो आहे, कारण ‘पेट्रोलियम’ या शब्दाला घाबरून अनेकजण ओठांसाठी सर्वांत निरुपद्रवी असलेली वस्तू टाकून देतात आणि तिच्या जागी सुगंधी तेलांनी भरलेला बाम आणतात. पाण्याची वाफ अडवण्यात पेट्रोलियम जेलीची बरोबरी करणारा पदार्थ सौंदर्यप्रसाधनांत क्वचितच सापडतो. त्वचेतून उडणारे ९८ टक्क्यांहून अधिक पाणी ती रोखू शकते आणि साधी वनस्पती तेले याबाबतीत तिच्या बरीच मागे पडतात. शिवाय तिची अ‍ॅलर्जी अतिशय दुर्मिळ आहे, इतकी की त्वचारोगतज्ज्ञ अ‍ॅलर्जीच्या चाचणीत निरनिराळे पदार्थ पाठीवर लावताना ते बहुधा पेट्रोलियम जेलीतच मिसळतात.

मध आणि दालचिनीच्या बामने चुरचुरले, तेव्हा तुमच्या ओठांनी योग्य तोच इशारा दिला होता. ‘नैसर्गिक’ या शब्दावरून एखादी वस्तू सौम्य असेल असा अंदाज बांधता येत नाही. दालचिनीचा वास ज्या सिनॅमाल्डिहाइडमुळे येतो, ते ओठांच्या अ‍ॅलर्जीचे ओळखीचे कारण आहे, मग ते सालीतून आलेले असो की कारखान्यात तयार झालेले. लवंगेतले युजेनॉल, लिंबाच्या सालीतले लिमोनीन, सुगंधी तेलांतले लिनालूल आणि जिरॅनिऑल यांचेही तसेच आहे. युरोपात त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनात असे घटक ०.००१ टक्क्याहून अधिक असतील तर त्यांची नावे वेगळी छापावी लागतात, म्हणून आयात केलेल्या बामवर यादीच्या शेवटी ही नावे रांगेने दिसतात. आपल्याकडच्या अनेक वस्तूंवर हे सारे ‘परफ्यूम’, ‘फ्रॅग्रन्स’, ‘अरोमा’ किंवा ‘फ्लेवर’ या एका शब्दात मिटलेले असते आणि त्या शब्दामागे नेमके काय आहे, हे ग्राहकाला कळायला मार्ग नसतो. अ‍ॅलर्जीचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवावा. ती पहिल्या दिवशी यायलाच हवी असे नाही. वर्षानुवर्षे वापरलेली वस्तूही एखाद्या हिवाळ्यात अचानक बाधायला लागते, त्यामुळे ‘मी तर हेच नेहमी लावते’ या कारणाने कोणतीही वस्तू निर्दोष ठरवू नये. तो बाम तुम्ही ओठ बरे झाल्यावरही वापरू नये, असे माझे सांगणे आहे.

सासूबाईंच्या दोन सल्ल्यांपैकी एक अगदी योग्य आहे. कोकमाच्या बियांचे तेल, ज्याला कोकणात कुठे कोकमेल, कुठे भिरंडेल, कुठे मुठेल म्हणतात, ते पिढ्यान्‌पिढ्या टाचांच्या भेगांवर आणि उललेल्या ओठांवर लावले जाते आणि त्यामागे चांगले कारण आहे. त्यात स्टिअरिक आणि ओलेइक ही मेदाम्ले भरपूर असतात, ते साध्या हवेत घट्ट राहते आणि शरीराच्या उष्णतेच्या आसपास वितळते. त्याचा एवढासा तुकडा बोटांच्या चिमटीत घेऊन चोळला की तो आधी खडूसारखा कोरडा लागतो, मग कडेने मऊ पडतो आणि बोटांवर तुकतुकी येते. तेवढे झाले की तो ओठांवर दाबून लावावा, घासू नये. तयार बामच्या यादीत हाच घटक ‘गार्सिनिया इंडिका सीड बटर’ या नावाने येतो. घरचे तेल जुने होऊन खवट वास येत असेल तर ते वापरू नका आणि डबीत ओले बोट घालू नका. रात्री साजूक तूप लावणाऱ्यांनाही मी अडवणार नाही, फक्त झाकण म्हणून ते पेट्रोलियम जेलीइतके टिकत नाही. बेंबीत घातलेले तेल मात्र ओठांपर्यंत पोहोचण्याचा कोणताही मार्ग शरीरात नाही. त्याने अपाय होत नाही, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल. सासूबाईंचे मन राखण्यासाठी ते घालायचे असेल तर जरूर घालावे, पण ओठांवरचा उपचार त्यासाठी थांबवू नये.

मुलीचा आपोआप गुलाबी होणारा बाम काय करतो, हे तिला समजावून सांगण्यासारखे आहे. रंगांची ओळख ‘सीआय’ या अक्षरांपुढच्या पाच आकडी क्रमांकाने दिलेली असते. तिच्या बामवर बहुधा सीआय ४५३८० किंवा सीआय ४५४१० हा क्रमांक सापडेल. हे इओसिनच्या कुळातले रंग आहेत. पाणी नसलेल्या मेणात ते जवळजवळ दिसत नाहीत, पण ओठांचा ओलावा आणि आम्लता मिळाली की गडद गुलाबी होतात आणि त्वचेच्या वरच्या थराला धरून राहतात, म्हणून पुसले तरी सहज जात नाहीत. प्रत्येकीच्या स्वभावाप्रमाणे वेगळा रंग येतो, हा केवळ जाहिरातीतला दावा आहे. परवानगी असलेले हे रंग निरोगी ओठांना सहसा बाधत नाहीत, मात्र पूर्वीच्या लिपस्टिकमधल्या इओसिनने ओठांचा दाह झाल्याची नोंद वैद्यकशास्त्रात आहे, त्यामुळे ओठ सोललेले असताना तिनेही हा बाम बाजूला ठेवावा.

रंगांबाबत माझी खरी काळजी बाजारात सुट्या मिळणाऱ्या, उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, तारीख यांपैकी काहीच नसलेल्या बाम आणि लिपस्टिकबद्दल आहे. आपल्या नियमांनुसार प्रसाधनांत वापरायच्या रंगांमध्ये शिसे दहा लाख भागांत २० भागांहून आणि आर्सेनिक २ भागांहून अधिक असता कामा नये. नाव-पत्ता असलेल्या उत्पादकाला याचा जाब विचारता येतो, निनावी वस्तूबाबत कोणाला विचारणार? ओठांवरचे सारे थोडेथोडे पोटात जातच असते, म्हणून वाढत्या वयाच्या मुलींनी तरी असे बाम टाळायलाच हवेत.

याच निमित्ताने ‘ओठ गुलाबी करणाऱ्या’ उपायांबद्दल आईने मुलीशी बोलावे, असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे बहुतेकांच्या ओठांत मेलॅनिन हे रंगद्रव्य जन्मतःच असते आणि तपकिरी किंवा सावळे ओठ हा आजार नाही. ते गुलाबी व्हावेत म्हणून मुली लिंबाची फोड आणि साखर घासतात. साखरेचे कण पातळ त्वचेला ओरखडे पाडतात, आणि लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले तर भाजल्यासारखा दाह होऊन मागे काळे डाग राहू शकतात. सुगंधांच्या अ‍ॅलर्जीनेही ओठ काळवंडतात. म्हणजे काळेपणा घालवायला आणलेली वस्तूच तो वाढवण्याचा संभव असतो.

यादी वाचायला मी सांगतो आहे खरा, पण एक अडचण तुम्हाला दुकानात लगेच जाणवेल. ज्या नियमाने घटकांची यादी बंधनकारक केली, त्याच नियमाने ३० ग्रॅमपेक्षा लहान घन आणि अर्धघन वस्तूंच्या वेष्टनाला ही यादी छापण्यापासून सूट दिली आहे. लिप बामची कांडी साधारण चार-पाच ग्रॅमची असते आणि डबीही क्वचितच दहा-पंधरा ग्रॅमच्या पुढे जाते. म्हणजे जी वस्तू दिवसभरात थोडीथोडी पोटात जाते, तिच्यावरच यादी छापणे ऐच्छिक ठरते. ही सूट लिप बामसाठी तरी काढून टाकायला हवी, असे माझे ठाम मत आहे. तोपर्यंत जो उत्पादक यादी छापतो, त्याचीच वस्तू घ्यावी. कांडीवर जागा नसेल तर ती ज्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली असते त्याच्या मागे किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे, आणि कुठेच नसेल तर ती वस्तू परत ठेवावी.

शाकाहाराबद्दल विचारलेत. तुमच्या सध्याच्या कांडीत मधमाशांचे मेण आणि लोकरीतले लॅनोलिन हे दोन प्राणिज घटक आहेत. दोन्हींसाठी प्राणी मारावा लागत नाही, पण ते चालतात की नाही हे तुमच्या घरच्या आचाराप्रमाणे ठरवा. रंगीत बाममध्ये सीआय ७५४७० किंवा ‘कार्माइन’ असे लिहिलेले असेल तर तो लाल रंग कोचिनियल नावाच्या किड्यांपासून काढलेला असतो आणि तो मात्र तुमच्या घरी चालणार नाही. पेट्रोलियम जेलीत प्राणिज काही नसते. कांडीच हवी असेल तर ‘युफोर्बिया सेरिफेरा’ किंवा ‘कोपर्निशिया सेरिफेरा’ या नावांनी येणारी कॅन्डेलिला आणि कार्नौबा ही वनस्पतींची मेणे असलेली शोधा.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. पुढचे दोन ते तीन आठवडे तिन्ही बाम आणि लिपस्टिक पूर्ण बंद ठेवून फक्त पांढरी, सुगंधरहित पेट्रोलियम जेली वापरा. तोंड धुतल्यावर ओठ टिपून घ्या आणि ते किंचित ओलसर असतानाच जेली लावा, म्हणजे तो ओलावा आत अडकून राहतो. जेवणानंतर, तासिका संपल्यावर आणि झोपताना थोडा जाड थर लावा. सुटलेली सालपटे दाताने किंवा नखाने ओढू नका. टूथपेस्टकडेही लक्ष द्या : दालचिनीचा किंवा झोंबणारा पुदिन्याचा स्वाद असेल तर या काळात सौम्य पेस्ट घ्या, कारण दिवसातून दोनदा तिचा फेस याच ओठांवरून जातो. बाहेर जाताना खालच्या ओठावर ऊन थेट पडते. त्यासाठी ओठ भरून आल्यावर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेला, एसपीएफ ३० किंवा अधिकचा, बिनवासाचा बाम घ्या आणि उन्हात असाल तेव्हा दर दोन तासांनी पुन्हा लावा. कोणताही नवा बाम आणलात तर आधी आठवडाभर दिवसातून दोनदा कोपराच्या आतल्या बाजूला, एकाच जागी लावून पाहा. खाज, लाली किंवा पुरळ आले तर तो ओठांपर्यंत नेऊच नका.

दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तोंडाच्या कोपऱ्यांत चिरा पडत असतील, सूज किंवा फोड येत असतील, किंवा खालच्या ओठावर एकाच जागी खपली धरून ती पुन्हापुन्हा निघत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. कोपऱ्यांतल्या चिरांमागे बुरशीचा संसर्ग, लोहाची किंवा बी गटातील जीवनसत्त्वांची कमतरता असू शकते आणि मुरुमांसाठी दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनीही ओठ हमखास फुटतात, म्हणून चालू औषधे आठवणीने सांगा. दरम्यान दुकानदाराने सुचवलेले स्टेरॉइडचे मलम ओठांना लावू नका. त्याने लाली चार दिवस दबते, पण पातळ त्वचा आणखी पातळ होते आणि मूळ कारण झाकले जाते. डॉक्टरांकडे जाताना तिन्ही बाम, लिपस्टिक, फेसवॉश आणि टूथपेस्ट वेष्टनांसकट एका पिशवीत घालून न्या. अ‍ॅलर्जीची चाचणी करायची ठरली तर संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून साधारण ४८ तास ठेवतात, त्या दिवसांत पाठ भिजवायची नसते आणि त्यानंतरही एक-दोनदा पाठ दाखवायला जावे लागते, तेव्हा शाळेच्या रजा पाहूनच तारीख घ्या.